पाणी की मलई?

गॅलरी साडेतीन फूट रुंद होती. लोखंडी कठडा, एका कोपऱ्यात तुळस, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप आणि मध्ये प्लॅस्टिकची एक खुर्ची. परळमधल्या एका जुन्या चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या या खुर्चीत मी गेल्या वर्षीचे मार्च-एप्रिलमधले पाच आठवडे काढले. मी काशी पाहिली आहे, कन्याकुमारी पाहिली आहे, शाळेच्या सहली घेऊन वेरूळला कितीदा गेले याची तर गणतीच नाही. पण मनात घर करून राहिला तो प्रवास या पाच आठवड्यांचा, आणि तो सगळा त्या खुर्चीपासून दीड किलोमीटरच्या आतला.

लातूरहून निघाले तेव्हा स्तनाच्या कॅन्सरचं निदान होऊन नऊ महिने झाले होते. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली होती. केमोचे आठ डोस झाले होते. पहिले चार लाल औषधाचे, त्यांनी केस गेले. पुढचे चार दुसऱ्या औषधाचे, त्यांनी बोटांची टोकं बधिर झाली. सुई हातात धरली तरी धरल्यासारखी वाटायची नाही. आता राहिले होते शेक. रेडिएशनला आमच्यात कुणी रेडिएशन म्हणत नाही. मराठी माणूस शेक म्हणतो, बिहारहून आलेला सिकाई म्हणतो. मला वीस शेक सांगितले होते. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. त्याआधी मोजमापं आणि अंगावर खुणा करण्याचे चार-पाच दिवस.

लातूर एक्सप्रेस सकाळी दादरला पोचली. ह्यांच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात फायलींची पिशवी. टॅक्सीवाल्यानं माझ्या डोक्याला बांधलेला रुमाल पाहिला आणि ‘टाटा ना?’ एवढंच विचारून गाडी सुरू केली.

परळमध्ये हा एकच शब्द पुरतो. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही ठिकाणी गेलं की हे कधी झालं, कुणी केलं, हे मनात येतंच. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं उभारलेलं हे हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. मूळ गोव्याच्या या शल्यविशारदानं आपलं आयुष्य इथल्याच कर्करुग्णांसाठी वेचलं. पलीकडे १९२६ पासूनचं केईएम, शेजारी वाडियांची बायकांची आणि मुलांची रुग्णालयं. भारतभरातली आजारी माणसं आणि त्यांच्याबरोबरची माणसं पहाटेपासून या चार-सहा रस्त्यांवरून चालत असतात. त्यांत आम्ही दोघं मिसळलो.

आम्हाला खोली देणाऱ्या बाई मूळ मालवणकडच्या. पंचाहत्तरीच्या पुढे वय, पण पाठ ताठ. सगळी चाळ त्यांना काकी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे यजमान गिरणीत साचाखात्यात होते. त्या काळी काकी एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळ चालवायच्या. दोन्ही पाळ्यांची मिळून वीस-पंचवीस ताटं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि अनेकांच्या गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. जेवणारी माणसं गावाला निघून गेली. काही वर्षांनी टाटाला येणारी माणसं खोली विचारत येऊ लागली. काकींनी आतली खोली त्यांना दिली आणि चूल पुन्हा पेटवली.

पहिल्या दिवशी सामान लावून झाल्यावर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आता प्रश्न येणार हे मला माहीत होतं. गेले नऊ महिने दारात आलेल्या प्रत्येकानं ते विचारले होते. काय झालं? कधी कळलं? आधी नाही का कळलं? घराण्यात कुणाला होतं का? माणसं प्रेमानंच विचारायची. पण दर वेळी मला ती गाठ पुन्हा पहिल्यांदा हाताला लागायची. मी उत्तर तयार ठेवलं. काकींनी विचारलं, ‘जेवणात काय व्हया?’

व्हया म्हणजे हवं, पाहिजे. मालवणी कळायला वेळ लागला नाही, उत्तराला लागला. मला काय हवं होतं? तोंडाला चव नव्हती. घास म्हणजे ओला पुठ्ठा चघळल्यासारखा लागायचा. नऊ महिने मला जे द्यायचं ते कागदावर लिहून आलं होतं आणि मी ते घेत आले होते. हवं-नको हा विचार कधीतरी, माझ्याही नकळत, बंद पडला होता.

‘काहीही चालेल,’ मी म्हटलं.

‘काहीही म्हणजे काय ता सांगा,’ काकी म्हणाल्या आणि उत्तर न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात. ‘आज तुमका काय व्हया?’ खाणावळीची ती जुनी सवय असणार. पाच आठवड्यांत त्यांनी मला माझ्या आजाराविषयी एकही प्रश्न केला नाही, आणि हा प्रश्न एकही दिवस चुकवला नाही.

गॅलरीत बसायला मी सुरुवात केली ती व्यायामासाठी. काखेतल्या गाठी काढल्यावर हात आखडतो. शेक घेताना तर हात डोक्याच्या वर नेऊन तसाच ठेवावा लागतो. म्हणून भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी, मुंगी चढते तसं, भिंतीवर वर वर चढत जायचं. जिथवर बोटं पोचतील तिथं खूण करायची. गॅलरीच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिल टेकवली तेव्हा दिसलं, तिथं आधीच बारीक रेघा होत्या. खांद्यापासून सुरू होऊन वर गेलेल्या. दोन वेगवेगळ्या हातांच्या असाव्यात, एक ओळ जरा बुटक्या बाईची. काकी म्हणाल्या, रंगाऱ्याला त्यांनी तेवढी चौकट सोडायला सांगितली होती. मी माझी पहिली रेघ त्या दोघींच्या शेजारी ओढली.

मग खुर्चीत बसून रस्ता बघायचा.

पहाटे पाचला नळाला पाणी यायचं. भांड्यांवर भांडी, बादल्यांचे आवाज, कुणाची तरी ‘आवरा लवकर’ म्हणून हाक. २०१६ च्या एप्रिलात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावची मी. भरत्या हंड्याचा आवाज ऐकत पडून राहणं मला फार आवडायचं. साडेपाचला खाली फळीवर पेपरचे गठ्ठे सुटायचे आणि दोन पोरं पुरवण्या आत सरकवायला बसायची. इतकी भराभर की हात दिसायचेच नाहीत. मग सायकलीच्या कॅरिअरला भलं मोठं पोतं बांधून पाववाला. मग दूध. सात वाजता टोपली घेऊन कोळीण, आणि तिच्या मागे मांजरं.

सातनंतर रस्त्याचा रंग बदलायचा. फाईलवाली माणसं यायची. कापडी पिशवीत फाईल, पिशवी पोटाशी. एका हातात आजारी माणसाचा हात. काही जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून यायचे. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार ही दोन्ही कलमं आहेत. ज्यांना कुठंच जागा मिळाली नाही ते फूटपाथवर प्लॅस्टिकचा कागद बांधून राहिलेले. त्यांच्यातल्या बायकाही सकाळी आवरून, वेणीफणी करून निघायच्या. मालदाहून आलेली एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला रोज माझ्या समोरच्या पायरीवर बसवून तिच्या टकलावर आधी तेल लावायची, मग टोपी घालायची. मुलगी तेल लावून घेताना डोळे मिटायची. आपल्या आईला आपल्या डोक्याची लाज वाटत नाही हे त्या पोरीला त्या हातातून कळत असणार. मी लातूरहून निघाल्यापासून आरशासमोर रुमाल काढला नव्हता. एका दुपारी गॅलरीत काढला. वारं लागलं.

नऊ महिने सगळे मला बघत होते. डॉक्टर, यंत्रं, नातेवाईक, बाजारात भेटणारे विद्यार्थ्यांचे पालक. वजन बघायचे, रंग बघायचे, टाके बघायचे. गॅलरीत बसल्यावर मी बघणारी झाले आणि खालचा रस्ता आपल्या कामात होता. हा फरक फार मोठा आहे. तो आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

चाळीच्या जिन्यात संध्याकाळी एक मुलगा दहावीचा अभ्यास करत बसायचा. घरात जागा नसावी. मोठ्यानं पाठ करायचा. एके दिवशी म्हणाला, ‘दर्पण, बाळशास्त्री जांभेकर, १८२३.’ पुन्हा म्हणाला, ‘१८२३.’ मी खुर्चीतून ओरडले, ‘१८३२!’ माझा वर्गातला आवाज. तो अजून शिल्लक आहे हे मलाच माहीत नव्हतं. आत झोपलेले हे दचकून उठले. मुलगा जिन्यातून वर आला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, ‘बाई, तुम्ही टीचर आहात का?’ इतिहासाचा पेपर शेवटाकडे असतो, त्याला सहा दिवस होते. सहा दिवस तो पुस्तक घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर बसला. माझ्या डोक्यावर केस नाहीत हे त्यानं पाहिलंच असेल. पण त्याला टिपा पाहिजे होत्या आणि त्या माझ्याकडे होत्या.

दुसऱ्या आठवड्यात शेक सुरू झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. थंड खोली, डोक्यावर घेतलेला हात, अंगावरच्या खुणांशी जुळवलेल्या प्रकाशाच्या रेघा. मग सगळी माणसं बाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि यंत्र गुंगुं करत तुमच्याभोवती फिरतं. काही मिनिटांत संपतं. दुखत नाही. पण त्या काही मिनिटांत माणूस इतका एकटा असतो की बाहेर आल्यावर हॉर्नचा आवाजसुद्धा आपला वाटतो.

तिसऱ्या शेकानंतर पाय जड झाले म्हणून हे म्हणाले, शहाळं घेऊ. हॉस्पिटल आणि चाळ यांच्या मध्ये एका झाडाखाली शहाळ्यांची हातगाडी लागायची. काळा, सडपातळ माणूस, कमरेला गमछा. त्यानं मला पाहिलं, गाडीखालचं स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि विचारलं, ‘मावशी, पाणी की मलई?’

मी गप्प उभी राहिले. हे माझ्यासाठी ‘पाणी’ म्हणणार होते, त्यांचे ओठ हललेही. पण त्या माणसानं मला विचारलं होतं आणि तो माझ्याकडे बघत थांबला होता. त्याच्यासाठी हा दिवसातून दोनशे वेळा विचारायचा प्रश्न. मला मात्र खरोखर विचार करावा लागला. मला लहानपणी मलई आवडायची. कोकणात राहणाऱ्या मामांकडे गेलो की शहाळं फोडून ती खरवडून खायची. ती आता आवडेल का?

‘मलई,’ मी म्हटलं.

त्यानं ढिगातून एक उचललं, कोयत्याच्या मुठीनं टकटक केलं, ठेवून दिलं. दुसरं उचललं, कानाशी हलवलं, तेही ठेवलं. तिसरं घेतलं. शहाळं तळहातावर फिरवत तीन-चार वार. प्रत्येक वाराला एक हिरवी चकती उडून पायाशी. कोयत्याचं टोक खुपसून झाकण उचकटलं, नळी घातली. पाणी पिऊन झाल्यावर एका घावात दोन भाग केले आणि सालीचाच एक कपचा काढून चमचा म्हणून हातात दिला. मलई पातळ होती, कडेला जरा जाड. पहिल्या घासाला काही कळलं नाही. दुसऱ्याला जिभेच्या मागच्या बाजूला, अगदी पुसट, गोड लागलं. मी ह्यांच्याकडे बघितलं तर ते दुसरीकडे बघत होते आणि चष्मा पुसत होते.

त्यानंतर रोज तो विचारायचा, रोज मी सांगायचे. कधी पाणी, कधी मलई. मुद्दाम बदलायचे. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा सबंध रस्ताच दिवसभर तेच विचारत असतो. ताई, काय पाहिजे? काय देऊ? तिखट चालेल? मोठा की छोटा? फुलवाली विचारते, भाजीवाला विचारतो, वड्याच्या गाडीवरचा पोरगा कढईतून मान वर न करता विचारतो. घरात आणि दवाखान्यात माणसं आजाऱ्याला विचारतात, काय झालं. रस्ता विचारतो, काय पाहिजे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मागे घेऊन जातं. दुसऱ्याचं द्यायचं तर पुढचा विचार करावाच लागतो.

मी चालायला लागले. पहिल्यांदा शहाळ्याच्या गाडीपर्यंत. मग केईएमच्या कोपऱ्यापर्यंत. एकदा हाफकिन संस्थेच्या फाटकापर्यंत. जुन्या काळी हा गव्हर्नरचा बंगला होता. १८९७ मध्ये मुंबई प्लेगनं रिकामी होत असताना हाफकिननं लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. मी तिथं कठड्यावर पाच मिनिटं बसले आणि परत फिरले. चौकटीवरची रेघ खांद्याच्या वर गेली, डोळ्यांच्या वर गेली. छातीची कातडी काळवंडली, सैल सुती कपड्याशिवाय काही सोसेना. पण पाय घट्ट होत होते.

खालून जाणाऱ्या बायकांच्या हातात या सुमाराला मोठमोठ्या पिशव्या दिसू लागल्या. काकी म्हणाल्या, लालबागला मसाल्याचा हंगाम. पावसाळ्यापूर्वी वर्षाचा मसाला करून ठेवायचा, त्यासाठी दादर, ठाणे, विरार, कुठून कुठून बायका येतात. आमच्या मराठवाड्यात काळा मसाला आणि येसर. लग्नातली येसर आमटी ज्यानं खाल्ली त्याला तिचं मोल सांगावं लागत नाही. पण घरात मसाला होऊन दोन वर्षं होत आली होती. आधीच्या उन्हाळ्यात माझं दुखणं निघालं आणि ते राहूनच गेलं.

एका सकाळी काकी दारात आल्या. ‘आज काय व्हया?’

‘तुमच्या मसाल्याची यादी,’ मी म्हटलं.

काकी खाली बसल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बेडगी पाऊण किलो, संकेश्वरी पाव किलो. धणे पाव किलो. बडीशेप, खसखस, शहाजिरं, लवंग, दालचिनी, मसाला वेलची, बाद्यान, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, हळकुंड. बधिर बोटांत पेन नीट धरवत नव्हतं, अक्षर वेडंवाकडं आलं. पण नऊ महिन्यांत मी स्वतःच्या हातानं लिहिलेली ही पहिली यादी होती. बाकीच्या सगळ्या याद्या औषधांच्या होत्या.

विसावा शेक शुक्रवारी झाला. डॉक्टरांना विचारलं होतं. ऊन टाळा, तोंडाला मास्क लावा, गर्दीत शिरू नका, म्हणाले होते. शनिवारी सकाळी आठला आम्ही दोघं निघालो. आंबेडकर रस्त्याला लागलो, उड्डाणपुलाच्या सावलीतून भारतमाता सिनेमा ओलांडला. दोनदा बसले. लालबागच्या बाजारात शिरायच्या आधीच वास आला. म्हणजे ह्यांना आला. ते शिंकले. मला फक्त घशात काहीतरी टोचलं.

लालबागच्या राजाचा हा बाजार. पेरू चाळीतला जुना बाजार १९३२ साली बंद पडला, तेव्हा उघड्यावर आलेल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी हक्काची जागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसवला. आज लाखो माणसं तिथं रांगा लावून काही ना काही मागतात. मुळात तिथं मागितली गेली होती ती बसून धंदा करायची जागा.

मसाल्याच्या दुकानांसमोर मिरच्यांची पोती उघडी होती. बेडगी लांब, सुरकुतलेली, गर्द लाल, रंगासाठी. संकेश्वरी बारीक, ठसक्यासाठी. काश्मिरी, पांडी, लवंगी. आत मोठ्या कढयांत धणे भाजले जात होते आणि त्याच्याही आत डंक चालू होता. लोखंडी मुसळांची रांग एकाआड एक वर जाऊन खाली येत होती, पायाखालची फरशी थरथरत होती. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, आणि प्रत्येक डंकाशेजारी आपल्या मसाल्यावर डोळा ठेवून उभी असलेली एकेक बाई. आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू द्यायचा नाही.

दुकानदारानं विचारलं, ‘काय पाहिजे, ताई?’

मी यादी पुढे केली नाही. वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एका जागी तो म्हणाला, संकेश्वरी पाव किलो जास्त होईल, झेपेल का? झेपेल, म्हटलं.

मिरच्यांचे देठ काढायचे होते. दोन दुकानं पलीकडे, मोकळ्या हवेत, चार बायका पोत्यावर बसून तेच काम करत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यातली एक जरा सरकली आणि तिनं शेजारच्या पोत्यावर हात मारला. मी बसले. काही बोलणं झालं नाही. एका हातात मिरची, अंगठा आणि बोट देठावर, जरासा पीळ, टक्. देठ एकीकडे, मिरची दुसरीकडे. माझ्या बोटांना देठ लागतच नव्हता. मी डोळ्यांनी बघून खुडत होते. त्यांच्या दहा झाल्या की माझी एक. माझ्या रुमालाकडे आणि अवघडलेल्या डाव्या खांद्याकडे बघून ती सरकलेली बाई हळूच म्हणाली, ‘तो हात मांडीवर ठेवा. उजव्यानं खुडा. माझ्या नणंदेचं असंच होतं.’ नणंदेचं पुढे काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्ध्या तासात मी पाव किलोसुद्धा खुडल्या नसतील. पण त्या माझ्या मसाल्यातल्या होत्या.

रात्री झोपले आणि बारा-साडेबाराला जाग आली. उजव्या हाताची बोटं भगभगत होती. टोकं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तीन महिने ज्या टोकांना गरम पेला कळत नव्हता, पेन कळत नव्हतं, ती टोकं जळत होती. मी ह्यांना उठवलं आणि म्हटलं, ‘अहो, बोटं झोंबतायत.’ ते घाबरून दिवा लावायला उठले. माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यांना कळलं. काकींनी आवाज ऐकून खोबरेल तेलाची वाटी आणली, बोटं तेलात बुडवायला लावली आणि बजावलं, छातीला हात लावू नका. मग तिथंच उंबऱ्यावर बसून राहिल्या. खाली रस्त्यावर दिव्याखाली कॅरम चालू होता. सोंगट्यांचे आवाज येत होते. मी तेलात बोटं बुडवून पहाटेपर्यंत गॅलरीत बसले.

सोमवारी निघताना मी चौकटीवरची शेवटची रेघ ओढली. हात पूर्ण वर जात होता. शहाळेवाल्याचा निरोप घेतला. तो म्हणाला, ‘मावशी, आज दोन्ही घ्या,’ आणि पैसे घेतले नाहीत.

हे सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कुणी या दुखण्यातून जात असेल, आणि आज असं कुणी नाही असं घर विरळाच, तर त्यांच्याकडे अवश्य जा. पण गेल्यावर काय झालं, कसं झालं, हे विचारू नका. ते त्यांनी शंभरदा सांगितलेलं असतं. काय पाहिजे, ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही. ‘काहीही चालेल’ असं म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि जमेल तेव्हा त्यांची खुर्ची खिडकीशी, गॅलरीत, ओट्यावर, जिथून रस्ता दिसेल तिथं नेऊन ठेवा.

माझी पुढची तपासणी एप्रिलात आहे. रेल्वे कर्करुग्णांना भाड्यात सवलत देते, त्या सवलतीची तिकिटं काढून झाली आहेत. काकींना फोन केला तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीची यादी सांगितली. लालबागचा मसाला बरणीत आता दोन बोटं उरला आहे.